तिसरं पाणी

"पहिलं पाणी मातीचं,
दुसरं पाणी किडीचं,
तिसरं पाणी लेकरांचं…"

मित्रांनो, हा आवाज अजून माझ्या तळाशी घुमतो. मी एक जुनी, जस्ती पत्र्याची बादली आहे. मंडईतल्या पालेभाजीच्या फळीखाली माझा मुक्काम. पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं, कडी बसवली आणि एका भाजीवालीच्या हाती दिलं. तो आवाज तिचाच. शेतातून जुड्या आल्या की ती मला तीनदा नळावर न्यायची आणि प्रत्येक खेपेला या गाण्याची एकेक ओळ गुणगुणायची. नळ मंडईच्या पार दुसऱ्या टोकाला, पण तिने एकही खेप चुकवली नाही. तिच्या हातात हिंदकळताना मला वाटायचं, मी बादली नाही, पाळणा आहे.

ती गेली. फळीवर तिचा मुलगा बसला. इथून पुढचं मला शांतपणे सांगता येणार नाही.

त्याने तीन खेपांची एक केली. सकाळी मला भरलं की संध्याकाळपर्यंत तेच पाणी! त्यातच शेणखताने माखलेली मुळं, त्यातच घामेजलेले हात, त्यातच फळी पुसायचं फडकं. दुपारी पानांनी माना टाकल्या की जुडी माझ्यात बुचकळायची, दोनदा झटकायची आणि वर मांडायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, काय टवटवीत भाजी आहे!" आणि हा मिशीत हसायचा. माझा तिळपापड व्हायचा. अरे, त्या पानांत लोह होतं, डोळ्यांना जपणारं सत्त्व होतं. मातीने आणि उन्हाने ते किती मायेने भरलं होतं! आणि तू त्याच पानांच्या सुरकुत्यांत जंतू पेरत होतास.

शेजारचा लिंबूवाला एकदा म्हणाला, "अरे, आता यात बेडूक पोहायला लागतील. बदल की पाणी!"

"लोक घरी नेऊन धुतातच की," याचं उत्तर. "मी काय त्यांचा आचारी आहे?"

याची थोरली बहीण गरोदर होती. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पालेभाजी खायला सांगितलेली. ती भावाकडेच यायची.

"तुझी जुडी मी धुतसुद्धा नाही रे," ती कौतुकाने म्हणाली. "आईसारखी तीन पाण्यांतून काढलेली असते ना! शिजवलं की सत्त्व जातं म्हणतात, म्हणून कच्चीच खाते, लिंबू पिळून."

त्याचा हात माझ्यात होता. तो तसाच थांबला. मग त्याने जुडी झटकली आणि तिच्या पिशवीत घातली. मी तेव्हा किंचाळायला हवं होतं. पण बादलीला कडी असते, जीभ नसते.

चार दिवसांनी ती दवाखान्यात. जुलाब, ताप, सलाईन. पोटातलं बाळ हलेना, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. शेवटी दोघं कशीबशी वाचली. आणि हा लिंबूवाल्याला काय सांगतो? "काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल तिने!"

मित्रांनो, पालेभाजीवर रागावू नका, तिचा काय दोष? पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्यात धुवा. चिरण्याआधी धुवा, नाहीतर सत्त्वच मोरीत जाईल. नाजूक पोटाला शिजवून द्या. थोडं सत्त्व उणं झालं तरी चालेल. आणि विकणाऱ्यांनो, पाणी बदला! मी हात जोडून सांगत नाही, मला हात नाहीत. मी चिडून सांगते आहे.

महिन्याने बहीण पुन्हा फळीवर आली. चेहरा पांढराफटक, एक हात पोटावर.

"दे दोन जुड्या. रक्त अजून वाढत नाही म्हणतात. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून घेऊ?"

त्याने जुडी उचलली आणि माझ्यात बुडवायला वाकला. पाणी इतकं गढूळ, की त्यात त्याला स्वतःचं तोंडही दिसेना. जुडी हातातून गळली. त्याने मला दोन्ही हातांनी उचलून बहिणीच्या पुढ्यात ठेवलं.

"बघ ताई, यात बघ. आई गेल्यापासून मी तिसरं पाणी कधी भरलंच नाही. दुसरंही नाही. तुला मीच आजारी पाडलं."