गोंदाखालचे चार दात

माझ्यात दातांच्या बावीस खोबण्या आहेत. चौदा खोबण्यांत दात आहेत, पाच रिकाम्या आहेत आणि तीन खोबण्यांत नुसती मुळे उरली आहेत. मित्रांनो, मी एका सरपटणाऱ्या प्राण्याचा खालचा, डाव्या बाजूचा जबडा आहे. माझा उजवा भाऊ कुठे आहे, हे मला ठाऊक नाही.

माझा प्राणी उथळ पाण्यात मासे धरून खायचा. त्याचे दात सुळ्यांसारखे आणि किंचित मागे वळलेले होते, म्हणजे धरलेला मासा सुटत नसे. तुमचे दुधाचे दात एकदाच पडतात. आमचे आयुष्यभर पडत. जुन्या दाताच्या मुळाशी, जिभेच्या बाजूने, नवा दात उगवे. तो जुन्याचे मूळ कुरतडून स्वतःपुरती जागा करी आणि एक दिवस त्याला बाहेर ढकलून देई. माझ्या अकराव्या दाताच्या मुळाशी असा एक खळगा अजून आहे. त्यात गव्हाच्या दाण्याएवढे नव्या दाताचे टोक दिसते. त्याची पाळी आलीच नाही. प्राणी मेला, चिखलात रुतला, चिखलाचा दगड झाला आणि माझ्या हाडात कणाकणाने खनिजे भरली. जिवंतपणीचे मला काहीच आठवत नाही. हाडावर जे उमटले, तेवढेच मला तुमच्यासारखे वाचता येते.

दगडातून मला सोडवले ते संग्रहालयाच्या मागच्या खोलीत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी. त्यांची भाची त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. मामांच्या हातात हवेच्या दाबावर थरथरणारी सुई असे. तिने ते माझ्याभोवतीचा दगड रवा रवा करून उडवत. त्या थरथरीने एखादा दात हलला, की ते पातळ गोंद सोडत. नुसता गोंद नव्हे. माझ्याच अंगावरून निघालेली भुकटी त्यात कालवत, म्हणजे रंग हुबेहूब जुळे. येणारे-जाणारे त्यांना "मेलेल्यांचे दंतवैद्य" म्हणून चिडवत. मामा मान वर न करता म्हणत, "माझे पेशंट ओरडत तरी नाहीत."

मी तयार झालो तेव्हा मामांनी मला सर्वांपुढे ठेवले आणि विचारले, "जोड कुठे आहे ते दाखवा." कुणालाही दाखवता आले नाही. त्या दिवशी माझे आणि त्यांचे फार कौतुक झाले.

मग मी खणात गेलो आणि विसरला गेलो. माझ्याखालच्या स्पंजचा पिवळा भुगा होऊन मला चिकटला. खण उघडे तो शेजारच्या कवटीसाठी. मला सरकवून तिला उचलत.

मला पुन्हा उजेड दाखवला तो भाचीने. ती संशोधनासाठी त्याच खोलीत येऊ लागली होती. मला सूक्ष्मदर्शकाखाली धरून ती म्हणाली, "मामा, याच्या पुढच्या चार दातांना फटच नाहीये. हाडातच मिसळलेत."

मित्रांनो, ही साधी गोष्ट नव्हे. खोबणीत बसलेल्या दाताभोवती केसाएवढी फट असते. काही सरड्यांचे दात मात्र हाडाशी जुळून एकजीव होतात. एकाच जबड्यात पुढचे दात जुळलेले आणि मागचे सुटे, असे तिने वाचलेल्या कुठल्याही प्राण्यात नव्हते. तिने क्ष-किरणांच्या यंत्रात घालून माझी आतली चित्रे घेतली; त्यांतही फट दिसली नाही. तिचा सगळा प्रबंध त्या चार दातांवर उभा राहिला. मला काचेच्या पेटीत जागा मिळाली.

प्रबंध देण्याच्या दोन दिवस आधी तिला माझ्या दातांवरच्या रेघांचे एक चांगले छायाचित्र हवे होते. खोली काळोखी करून तिने अतिनील किरणांचा जांभळा टॉर्च माझ्यावर धरला. माझे हाड तपकिरी राहिले. पुढच्या चार दातांच्या बुडाशी मात्र निळसर पांढरे कडे चमकले.

"मामा, जरा इकडे ये ना."

मामा वाकले. "गोंद आहे."

"ते कळलं. तुझाच ना?"

"इथे दुसरं कोण बसलंय गोंद लावायला?"

"फटीत भरला होतास, का नुसता वरून लावला होतास?"

मामांनी चष्मा काढून पुसला. "दात हलला असेल तर भरला असेल. हलला नसेल तर वरून एक हात मारला असेल. शेकडो जबडे हातून गेले गं. नाही आठवत."

"कुठे लिहून ठेवलंस?"

"दुरुस्ती दिसता कामा नये, हेच शिकवलं होतं आम्हाला. मग लिहितोय कशाला?"

"नाहीच दिसली," ती म्हणाली. "माझ्या चार प्रकरणांत तर कुठेच दिसली नाही."

मामा म्हणाले, "परवा प्रबंध द्यायचाय तुला. आधी देऊन टाक, मग निवांत बघू. यंत्राला दिसलं नाही, ते परीक्षकांना कुठून दिसणार?"

"आणि पुढच्या वर्षी कुणी टॉर्च मारला तर?"

"ताईला काय तोंड दाखवू मी? मीच तुला या कामाला लावलं."

"आईचं मी बघते. तू कापूस आण."

मला उत्तर माहीत असते, तर सांगता न येण्याचे दुःख तरी झाले असते. पण त्या गोंदाखाली काय आहे, हे मलाही वाचता येत नव्हते. शिवाय तिसऱ्या दाताला उभी चीर आहे. गोंद सुटला तर दातही फुटेल, अशी धास्ती होती.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. जुनी वस्तू मोडली तर जरूर जोडा, मायेने जोडा. पण जोड कुठे आहे, हे नंतर बघणाऱ्याला कळू द्या. आमच्यासारख्यांना जेवढे कौतुक लागते, त्याहून खरेपणा जास्त लागतो.

त्या चारांपैकी पुढून दुसरा दात त्यांनी निवडला. त्याच्या आणि तिसऱ्या दाताच्या मधली खोबणी रिकामी होती आणि ती नऊ मिलिमीटर खोल होती. दात हाडाशी जुळलेला असेल तर पातळ पट्टी कडेलाच अडेल. सुटा असेल तर ती तळापर्यंत जाईल, असे ठरले. मामांनी मला वाळूच्या उशीवर घट्ट धरले. भाची गोंद विरघळवणाऱ्या द्रवात कापसाची वात बुडवून दाताच्या बुडाशी टेकवत राहिली. भुकटी मऊ झाली, सुटली, कापसावर आली. तिने खुणांची पट्टी उचलली, दाताच्या कडेला लावली आणि खाली दाबली.

"किती?" मामांनी विचारले. त्यांचे डोळे मिटलेले होते.

भाचीने सूक्ष्मदर्शकातून खूण वाचली, पट्टी काढून दुसऱ्या बाजूने घातली आणि पुन्हा वाचली.

"आठ पूर्णांक नऊ मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी."