संशयी बाकाचा पहिला मोसम

मित्रांनो, मैदानावर धावणारे खेळाडू तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. ते आडवे पडल्यावर कसे दिसतात आणि काय काय बोलतात, हे मात्र मलाच ठाऊक. मी फुटबॉलच्या मैदानामागच्या खोलीतला मालिशीचा बाक. चार जाड पाय, वर गादी, तिच्यावर रेक्झिन आणि एका टोकाला तोंड घालायला गोल भोक. खेळाडू पालथा झोपतो, त्या भोकातून फरशीकडे बघत राहतो आणि कुणाला न सांगितलेलं फरशीला सांगतो. फरशीच्या आधी ते मी ऐकतो.

मला घडवलं एका जाडजूड सुताराने. काम झाल्यावर मजबुती तपासायला तो स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि तिथेच घोरायला लागला. त्याच्या बायकोने येऊन त्याला हलवून उठवलं. "चांगला झालाय वाटतं," ती म्हणाली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

तिथून मी एका जुन्या क्लबात आलो. माझे ते दिवस भरभराटीचे होते. थकलेले पाय, आखडलेल्या पाठी, सुजलेले घोटे सगळे माझ्याकडे येत. "या बाकावर पडलं की अर्धं दुखणं पळतं," असं खेळाडू म्हणत आणि मी आतल्या आत फुगत असे. मग एका दुपारी क्लबचा कप्तान माझ्या काठावर येऊन बसला. त्याच्या शेजारी चकचकीत बूट घातलेला एक अनोळखी माणूस होता. कप्तान खाली मान घालून एवढंच म्हणाला, "दुसऱ्या अर्ध्यात बघतो काय करायचं ते." त्या दिवशी आमचा संघ जिंकत आलेला सामना हरला. पुढे बिंग फुटलं, चौकशी झाली, क्लब मोडला आणि खोलीला कुलूप लागलं. माझ्यावर आधी चुन्याची पोती आली, मग फाटक्या जाळ्या. उंदरांनी गादी कुरतडली. मला जे आधीच माहीत होतं, ते सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. होतं ते नुसतं भोक.

तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. कुणी गोड बोललं की मी आधी त्याचे बूट बघतो.

पुष्कळ काळाने कुलूप उघडलं. नव्या रंगाचा वास आला. शहरात नवा व्यावसायिक संघ निघाला होता आणि त्याला हे मैदान मिळालं होतं. मला काही आनंद झाला नाही. रंग काय, कुठल्याही भिंतीला लावता येतो.

संघात कोण होतं म्हणाल, तर इतरांनी नको म्हटलेली माणसं. प्रशिक्षक 'सर' दोन संघांतून हाकललेले. कप्तान 'दादा' पस्तिशीला टेकलेला, गुडघे कुरकुरणारा. गोलरक्षक 'खांब' ताडमाड उंच आणि अबोल. राखीव गोलरक्षक गुटगुटीत, दोन मुलींचा बाप, त्याचं घरचं नाव गोलू. गोलरक्षकाचं नाव गोलू, यावर पहिला आठवडाभर सगळे पोट धरधरून हसले. आणि मालिश करायला, दुखापती बघायला होती ताई. चापून बांधलेला अंबाडा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि लोखंडासारखे अंगठे.

ताईनेच मला जाळ्यांखालून ओढून काढलं. पुसलं, नवं रेक्झिन ठोकून घेतलं. "नवा बाक येईपर्यंत हा चालवून घेऊ," ती सरांना म्हणाली. चालवून घेऊ! मी ते नीट लक्षात ठेवलं.

संघ पहिला सामना जिंकला. मी म्हटलं, नवखे आहेत, समोरच्यांनी गंमत म्हणून सोडला असेल. दुसराही जिंकले. मग जिंकतच सुटले. आधी रिकाम्या असणाऱ्या पायऱ्यांवर माणसं दिसू लागली. बेकरीवाला दुकान लवकर बंद करून येई, शाळेतल्या बाई नवऱ्याला घेऊन येत. पण जितक्या टाळ्या वाढल्या, तितकी कुजबुजही वाढली. वर्तमानपत्रवाले विचारू लागले, या टाकाऊ माणसांना जिंकता येतंच कसं? हरलेले संघ म्हणाले, पंचांना हाताशी धरलंय. कुणी म्हणालं, गवत मुद्दाम वाढवून ठेवतात. माझ्यावर पडणाऱ्या प्रत्येक खेळाडूचं बोलणं मीही कान देऊन ऐकू लागलो. कुठे पाणी मुरतंय, ते मला शोधायचंच होतं.

खरं सांगायचं तर हाती फारसं काही लागलं नाही. एक जण केस काळे करायचा. एकाची सासूशी बोलचाल नव्हती. दादाला विजा कडाडल्या की भीती वाटायची, म्हणून ढग आले की तो उगाच मोठ्याने गाणी म्हणायचा. एवढीच काय ती गुपितं.

राहिला होता तो खांब.

तो कधी माझ्यावर पालथा पडायचाच नाही. नेहमी उजव्या बाजूने चढायचा, उजव्या हातावर भार द्यायचा आणि नुसता बसायचा. पाय चोळून घ्यायचा, बाकी कशालाही हात लावू द्यायचा नाही. ताईने विचारलं की म्हणायचा, "काही नाही. ठीक आहे." सगळे बोलतात तिथे जो गप्प राहतो, त्याचा मला फार संशय येतो. शिवाय याआधी तो ज्या संघात होता, तोच संघ आता आमच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर होता.

एका दुपारी खोली रिकामी बघून तो आत आला, माझ्या काठावर टेकला आणि फोनवर हळू आवाजात बोलू लागला.

"हो, रविवारी सकाळी. सामन्याच्या आधीच. डावीकडेच... नाही, कुणाला पत्ता लागता कामा नये. लागला तर माझं सगळं संपलं."

मित्रांनो, मला जुन्या क्लबचा कप्तान आठवला. तेच खाली घातलेलं तोंड, तोच दबका आवाज! खोलीतल्या पडद्यामागे संघाचं सामान सांभाळणारे काका चेंडूत हवा भरत होते. त्यांनीही ते ऐकलं. ते चोरपावलांनी बाहेर पडले आणि सरळ दादाकडे गेले.

त्या रविवारी आम्हाला एक गोल बसला, तोही खांबाच्या डावीकडून. चेंडू इतका सरपटत आला होता, की एखाद्या आजीबाईंनीही काठीने अडवला असता. सामना कसाबसा बरोबरीत सुटला. त्यानंतर खांब खोलीत शिरला की बोलणी थांबत. त्याच्या शेजारच्या खुंटीवर कुणी टॉवेल टांगेना. पाण्याची बाटली फिरत यायची ती त्याला ओलांडून पुढे जायची. तो काहीच विचारायचा नाही, आणि त्याने विचारलं नाही म्हणून सगळ्यांचा संशय आणखी पक्का व्हायचा. माझा तर झालाच होता.

मोसमाचा शेवटचा सामना नेमका त्याच्या जुन्या संघाशी आला. बरोबरी झाली तरी विजेतेपद आमचं होतं. हरलो तर त्यांचं. आदल्या दिवशी सराव आटोपल्यावर सरांनी खांबाला खोलीत थांबवून घेतलं. दादा दाराला पाठ लावून उभा राहिला. ताई तेलाच्या बाटल्या पुसत होती.

"एकच विचारतो," सर म्हणाले. "कुणाशी बोलणी चालली आहेत?"

"कसली बोलणी?"

"उगाच वेड पांघरू नकोस," दादा उसळला. "डावीकडेच, कुणाला पत्ता लागता कामा नये, हे सगळं काकांनी ऐकलंय. आणि गोलही डावीकडूनच झाला! किती जणांच्या पोटावर पाय देणार आहेस?"

खांबाचा चेहरा पांढराफटक पडला. तो काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत राहिलो. त्याने खाली बघत पिशवीचा बंद आवळला. सर थकलेल्या आवाजात म्हणाले, "मग तू कबूल करतोस, असं समजू?"

"समजा," खांब म्हणाला.

तेवढ्यात ताईने बाटली ठेवली. "शर्ट काढ," ती म्हणाली.

"ताई, जाऊ दे ना."

"शर्ट काढ म्हणते ना! गेले कित्येक दिवस तू माझ्यापासून पळतोयस. डावा हात डोक्यापर्यंतसुद्धा नेत नाहीस, मला काय डोळे नाहीत?"

त्याने शर्ट काढायचा प्रयत्न केला. उजवा हात निघाला. डावा खांद्याच्या वर जाईना. शेवटी ताईनेच बाही हळूच ओढून काढली. खांदा सुजून तांबडालाल झाला होता आणि त्यावर सुया टोचल्याच्या काळ्यानिळ्या खुणा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. ताईने अंगठा नुसता टेकवला, तर तो एवढा दांडगा माणूस कळवळून खाली बसला.

"सामन्याआधी कुणाकडून तरी सुई मारून घेतोस," ताई म्हणाली. "बधिर करून खेळतोस. कधीपासून?"

"पहिल्या सामन्यापासून." खांब आता माझ्यावर बसला होता. एवढी वाक्यं मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "जुन्या संघात खांदा निखळला. त्यांनी मला घरी पाठवलं. इथे कळलं असतं तर तुम्हीही पाठवलं असतं. मग मला कुणी घेतलं असतं?"

दादा दारापासून सरकत माझ्यापाशी आला.

"अरे, पण आम्ही तुला विकला गेलेला म्हणत होतो."

"ऐकू येत होतं मला."

"मग एका शब्दाने तरी बोलायचंस!"

"बोललो असतो तर खांदा दाखवावा लागला असता," खांब म्हणाला.

दादाने तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे उगाचच बघत राहिला. मी तर लाकूडच, पण त्या क्षणी मलाही माझा संशय जड झाला. लबाड ठरवला गेलो तर चालेल, पण दुखतंय हे कळायला नको, असं एखाद्याला वाटावं म्हणजे आमच्या खोलीत काहीतरी चुकत होतं.

"उद्या एक सामना," खांब अजिजीने म्हणाला. "एकच. मग हात तुटला तरी चालेल."

"मला नाही चालणार," ताई म्हणाली.

सरांनी कपाळ चोळलं. मग ते म्हणाले, "उद्या गोलू उभा राहील. तू आमच्यापासून लपवलंस, त्याचा मला राग आहे आणि तो राहणार. पण तुला घरी पाठवणार नाही. आता त्याला बोलाव आणि तुझ्या जुन्या मित्रांच्या सगळ्या खोड्या सांग."

गोलू आला. सगळं कळल्यावर त्याला घाम फुटला. खांबाने त्याला समोर बसवून कोण कुठून मारतो, कोण मारण्याआधी कुठे बघतो, सगळं समजावलं. गोलू मान डोलावत होता, पण प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधलेला खांब बाहेर गेलाच नाही. त्याला बघवणार नव्हतं. तो माझ्यावर बसून उंच झडपेतून येणारा आवाज ऐकत राहिला. गलका झाला की तो दचकायचा. "हा आपला नाही... हा आपला असेल... नाही, हे शिट्ट्या मारतायत." बाहेर एक आरोळी उठली, ती त्यांची. बऱ्याच वेळाने दुसरी उठली, आणि या वेळी भिंती थरथरल्या. "दादा!" खांब पुटपुटला. "असा गलका फक्त दादाच्या गोलला होतो." बरोबरी झाली होती.

मग एकाएकी सगळं शांत झालं. इतकं शांत, की नळातून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं. खांब उभा राहिला. "पेनल्टी," तो म्हणाला. "त्यांना मिळाली."

धप्प! आणि मैदान फुटल्यासारखं ओरडलं. कुणाचं ओरडणं? आम्हा दोघांनाही कळेना. खांब दाराकडे धावला, तोच ताई धावत आत आली.

"खांबाला लागला!"

"मला? मला काय लागलं?"

"तुला नाही रे, गोलच्या खांबाला! गोलू चुकीच्या बाजूला पडला आणि चेंडू खांबाला लागून बाहेर गेला!"

मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. खांब चांगल्या हाताने माझी कड घट्ट धरून उभा होता. थोड्याच वेळात लांब शिट्टी वाजली. पहिल्याच मोसमात नवा संघ विजेता झाला होता. सगळे चिखलाने माखलेले आत घुसले आणि त्यांनी गोलूला उचलून माझ्यावर उभं केलं. माझे सांधे करकरले, पण मी टिकलो. दादाने विजेतेपदाची ढाल आणली, खांबाच्या चांगल्या हातात दिली आणि बूट काढायला बसला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने लिहिलं, नशिबाने जिंकले. असेल. मीही थोडा तसाच विचार करतो.

पुढे खांबाच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा गोलमध्ये उभा राहील की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तूर्त तो गोलूला आणि नव्या गोलरक्षकांना शिकवतो. यशामागोमाग नवा बाकही आलाच, बटण दाबलं की वर-खाली होणारा. मला बाहेरच्या बोळात आणून ठेवलंय. येणारे-जाणारे माझ्यावर पिशव्या टाकतात. माझा एक पाय डगमगतो, तो कुणी पाना फिरवून आवळला तर मी अजून पुष्कळ वर्षं कामाला येईन. एवढं माझं मागणं.

मित्रांनो, दुसरा मोसम सुरू झालाय. काल दोन खेळाडू माझ्याशेजारी उभे राहून एका नव्या माणसाविषयी कुजबुजत होते. तो कुणात मिसळत नाही, सारखा एकटाच बसतो, याच्या मनात काहीतरी काळं असणार, असं ते म्हणत होते. मलाही शंका आली. माझी सवय आता जाणार नाही. तेवढ्यात खांब तिथून चालला होता. त्याने ते ऐकलं, पिशवी खाली ठेवली, आणि त्या दोघांना काहीही न बोलता त्या नव्या माणसाजवळ जाऊन बसला.

"काय रे," त्याने विचारलं, "कुठे दुखतंय?"