न धुतलेला स्वेटर

प्लास्टिकला आतून चिकटलेलं एकच बटण — पिवळसर, चार भोकांचं, आणि त्या भोकांत काहीतरी वाळून बसलेलं. बिस्किटाचा भुगा असावा, चहात बुडवून खाल्लेल्या बिस्किटाचा. वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर ती पिशवी होती, हॉटेलच्या लॉन्ड्रीची, तोंडाला दोन गाठी मारलेली, आणि आत आईचा स्वेटर. यामिनीने बटणाकडे पाहिलं, नजर काढून घेतली, परत पाहिलं. नेपाळहून सिडनीत, गिरावीनच्या घरी येऊन आठवडा होत आला होता आणि रोज सकाळी ती इथे येऊन एवढंच करत होती — पिशवीकडे बघायचं, आणि पिशवी सोडून बाकी सगळं धुवायचं.

“मम, द लॉन्ड्री स्टिंक्स,” दारातून स्पृहा म्हणाली, नाक चिमटीत धरून. “समथिंग डाइड इन हिअर.”

अकरा वर्षांची पोर, आणि एवढं नेमकं बोलते... “तू जा. आजीला विचार कुठली साडी नेसणार ते.”

तिच्या मागून प्रणव आला, आंघोळ करून, डिओ फवारून. “ती पिशवी आज टाक ना गं. नाहीतर धू तरी. एवढी माणसं येणार, टॉयलेटला जायचं तर इथूनच जावं लागतं. एक स्वेटर तर आहे.”

एक स्वेटर तर आहे. त्याच्या डिओचा वास, आणि त्याखालून पिशवीचा, आंबट, दोन गाठींना न जुमानणारा — दोन्हींनी तिला सारखीच शिसारी आली. “बघते,” ती म्हणाली.

आज मावंदं होतं. काशी-रामेश्वर करून आलेल्या माणसाने घालायचं जेवण प्रणवच्या आईने पाच दिवसांच्या सहलीसाठी घातलं होतं. सहलीचं नाव ‘हेरिटेज अँड हिमालयन सनराइज’, त्यात पशुपतिनाथ अर्ध्या सकाळपुरता. पण अहोआईंचं म्हणणं (यामिनी सासूला अहोआई म्हणायची, इथल्या सगळ्याच म्हणतात), देवाचं दर्शन झालं म्हणजे यात्रा झाली, आणि यात्रा झाली म्हणजे मावंदं आलंच. हौसेला मोल नाही. हॅरिस पार्कहून जिलेबी आली होती. देवळाबाहेरच्या दुकानातून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू देवासमोर मांडला होता, बागमती नदीच्या पाण्याचा, आणि प्रणवने सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की तीर्थ कुणी प्यायचं नाही, नुसतं डोळ्यांना लावायचं. बागमती त्याने पाहिली होती ना. म्हणजे डोळे सडले तरी हरकत नाही.

आणि सहल मुळात आईची होती. माझ्या आईची.

सांगलीच्या घरात कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कॅलेंडर होतं, कधीच्याच सालाचं, त्यावर बर्फाचे डोंगर आणि मागे सूर्य. आई कपाट उघडायची तेव्हा ते दिसायचं, बंद केलं की संपलं. ‘फोटोत तो निघालेलाच असतो गं,’ ती एकदा म्हणाली होती, ‘निघताना बघायचाय मला.’ एवढंच. आयुष्यात तिने मागितलेली ही एकच गोष्ट असेल. मग बुकिंग केलं, ती मुंबईहून काठमांडूला येणार, आम्ही सिडनीहून. अहोआईंनी तेव्हा नाक मुरडलं होतं — दुरून डोंगर साजरे, माझे गुडघे काही त्या लायकीचे नाहीत. आणि आई स्वेटर विणायला बसली, कैरीच्या रंगाचा, पिवळ्या बटणांचा. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा कमी आणि सुयाच जास्त दिसायच्या. प्रणव मागून डोकवायचा. “काय सासूबाई, माझ्यासाठी का?” “तुमच्यासाठी कशाला? डोंगरावर मी निघालेय.” तो हसायचा. मोठ्याने, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.

विणून झाल्यावर थंडीभर तिने तो घरातच घातला, अंगाला सवय व्हावी म्हणून. आणि फेब्रुवारीत एका सकाळी दूध तापवता तापवता खाली बसली आणि उठली नाही.

यामिनी पोचली तेव्हा बर्फावर ठेवलेली आई... नको, ते नको. त्यानंतरचा प्रणवचा फोन. “तुला तसंही तीनच दिवसांचं सुतक, अगं. लग्न झालेल्या लेकीला तीनच. आईला विचारलं मी. आणि बुकिंग आहेच, एक जागा रिकामी जाण्यापेक्षा आईच येईल म्हणतेय. तुलाही चेंज मिळेल.” रिकामी जागा. माणूस गेलं आणि सीट उरली, खिडकीजवळची. यामिनी म्हणाली, बरं. कुणी तोंड दाबलं नव्हतं, कुणी धाक घातला नव्हता, ती आपण होऊन बरं म्हणाली, आणि त्या ‘बरं’ची चव अजून जिभेवरून जात नव्हती.

सांगलीहून निघताना तिने आईच्या कपाटातून स्वेटर काढून बॅगेत सगळ्यात वर ठेवला. तो धुतलेला नव्हता. गळ्याशी आईचा वास होता — आई घरीच कढवायची त्या माक्याच्या तेलाचा, थोडा तपकिरीचा, आणि त्याखाली आणखी कसला तरी, ज्याला नाव नाही. तिने ठरवलं होतं... सांगायला सुद्धा लाज वाटते. तिने ठरवलं होतं की सूर्य निघेल तेव्हा स्वेटर हातावर घेऊन उभं राहायचं. कुणाला काही न सांगता, आईला दाखवल्यासारखं.

भक्तपूरला गाइड राजांची नावं सांगत होता आणि सगळे जुन्या कोरीव खिडक्यांसमोर आपापल्या तोंडाचे फोटो काढत होते. अहोआईंनी मातीच्या वाडग्यातलं दही बोटाने चाटूनपुसून संपवलं, वर दुसरं मागवलं. यामिनी ते बोट बघत राहिली. मग रात्री नगरकोटचं हॉटेल, ओल्या गाद्या, आणि पहाटे अंधारात ती बाथरूममधून बाहेर आली तर पलंगाच्या कडेला अहोआई बसलेल्या, आईच्या स्वेटरमध्ये, आणि प्रणव त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसून बटणं लावत होता. “कुडकुडत होती गं. तुझ्या बॅगेत वरच होता, मस्त उबदार आहे.” शेवटचं बटण लावायला अहोआईंनी हनुवटी वर केली आणि यामिनीकडे एकदा पाहिलं. यामिनीने वाकून बॅगेची चेन लावली.

वर टेकडीवर ही गर्दी. कुणी फोन काठीला लावून उंच धरलेले, कुणी शाली पांघरलेले, चहाचे कागदी कप पायाखाली. ‘आला, आला’ असं कितीतरी भाषांत एकदम सुरू झालं आणि नेमकं तेव्हाच अहोआईंनी यामिनीचा दंड धरला आणि वाकल्या. सगळ्यांची तोंडं पूर्वेला, यामिनीचं एकटीचं पश्चिमेला, सासूचं कपाळ तळहातावर तोलून. चहा, बिस्किटं, आदल्या दिवशीचं दही... स्वेटरच्या पुढच्या भागावरून ते सगळं ओघळत होतं आणि त्यावर हळूहळू गुलाबी उजेड पडत होता. हिमालयातला सूर्योदय मी तिथे पाहिला. एका बटणावर.

हॉटेलात अहोआई म्हणाल्या, दे, नळाखाली धरून मीच धुते. यामिनीने तो हिसकावून घेतला. पिशवीत कोंबला, गाठ मारली, मग आणखी एक. धुतला तर उलटी जाईल, पण तिच्याबरोबर गळ्याशी आहे तेही जाईल. सिडनीला विमानतळावर बायोसिक्युरिटीच्या माणसाने अहोआईंची रुद्राक्षं तपासता तपासता तिचीही बॅग उघडली, हातमोज्याने पिशवी उचलली. “जस्ट डर्टी लॉन्ड्री?” ती हो म्हणाली. “नो वरीज.” आणि त्याने हातमोजे बदलले.

तेव्हापासून ती अहोआईंच्या जवळून जाताना श्वास रोखून धरत होती. जेवायला वाढताना, औषधाच्या गोळ्या देताना, सोफ्यावरून उठवताना. त्यांच्या अंगाला आता वास कसलाच नव्हता, साबणाचा होता फार तर. पण यामिनीच्या नाकाला ते पटत नव्हतं.

माणसं यायच्या आधी तिने लॉन्ड्रीचं दार आतून लावलं आणि गाठी सोडल्या. आंबट भपका तोंडावर आला, डोळ्यांत पाणी आलं. तिने दम धरला, गळ्याची पट्टी शोधली, ती उलटी केली आणि नाक टेकवलं. दही. कुजलेलं दूध. ती आणखी आत शिरली, काखेशी, पाठीशी, बाहीच्या टोकाशी, भांड्याच्या तळाशी काही उरलंय का ते बघावं तशी. ओकारी आली ती गिळली आणि पुन्हा हुंगलं. आई तिथे नव्हती. आठवून बघू म्हटलं तर तेल हा शब्द आठवत होता, तपकीर हा शब्द आठवत होता, वास नाही. तिने परत गाठी मारल्या. आता कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

दुपारी हॉल भरला. प्रणवने टीव्हीवर फोटो लावले होते आणि तो सगळ्यांना सूर्योदय समजावून सांगत होता. आधी म्हणे जांभळा, मग केशरी, मग एकदम सोनं. एका फोटोत अहोआई होत्या, अजून उलटी न झालेल्या, मागे निळा अंधार, अंगात कैरीच्या रंगाचा स्वेटर.

“काकू, कसला गोड स्वेटर!” मयूरा ओरडली. ती आणि सलिल दोन गल्ल्या सोडून राहतात. “तिथे घेतलात? हँडमेड वाटतोय.”

“यामिनीचा आहे तो,” प्रणव म्हणाला आणि खरंच उत्सुकतेने तिच्याकडे वळला. “कुठून घेतलास गं?”

तो खोटं बोलत नव्हता, हेच भयंकर होतं. कितीतरी रविवार त्याने त्या सुया पाहिल्या होत्या, थट्टा केली होती. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं — स्वच्छ, दाढी केलेला, सुखी चेहरा. तिला वाटलं, आत्ता इथे आपल्याला उलटी होईल, जिलेबीवर.

“आठवत नाही,” ती म्हणाली.

मग पाय धुणं. तीर्थाहून आलेल्या माणसाचे पाय सुनेने धुवायचे. मीही तिथेच गेले होते की, माझे कोण धुणार? पण परात आली, कोमट पाणी आलं, अहोआई खुर्चीत बसल्या आणि यामिनी खाली. श्वास रोखून. अंगठ्याचं नख जाड, पिवळं, त्या बटणासारखं. टाचांना भेगा, भेगांत काळं. तिने पाणी घातलं आणि तिला त्या पायांचा, त्या परातीचा, त्या पाण्यात भिजणाऱ्या आपल्या बोटांचा इतका तिटकारा आला की वर न बघता ती नुसती चोळत राहिली. मागे सलिलने कसला तरी विनोद केला, सगळे हसले.

“तो स्वेटर विहीणबाईंचा ना?” अहोआईंनी वाकून, अगदी हळू विचारलं.

यामिनीचा हात थांबला.

“गळ्याशी आला तेव्हाच कळलं मला. माक्याचं तेल. त्या इथे आल्या होत्या तेव्हा दोन महिने एका खोलीत झोपलोय आम्ही, खिडकी उघडी ठेवा म्हणून रोज भांडायची मी. मला नाही ओळखू यायचा?” त्यांनी दुसरा पाय पुढे केला. “खोटं कशाला बोलू... गेलेल्या माणसाचं अंगावर, आणि तोच वास. शिसारी आली गं मला. पोटात ढवळलं ते तिथूनच. चहाबिहा काही नव्हतं.”

“मग काढला का नाहीत?” आवाज तिचाच होता, पण फार लांबून आल्यासारखा.

“तू समोर उभी होतीस. मला वाटलं, तूच द्यायला सांगितलास. तू आपल्या आईचा मला देतेयस आणि मी काढून टाकू? मग मुकाट्याने चढले वर.”

परात उचलून यांच्या अंगावर ओतावी... माझ्या आईच्या वासाची शिसारी! त्या वासासाठी मी आठवडाभर सडका गोळा जपून ठेवलाय, सकाळी त्यात तोंड खुपसलंय, आणि ही बाई म्हणते शिसारी. म्हणते आणि वर माझ्याकडे असं बघते, जणू काही चुकलं असेल तर माफ कर. राग डोक्यात चढला, कानापर्यंत गेला, आणि तिथे पोचल्यावर तिला दुसरंच काही कळलं. या बाईला तो आला होता. पोट उलटून पडेल इतका आला होता. प्रणवला आठवत नव्हता, मला येत नव्हता, आणि या नाकात, खिडकी उघडी ठेवा म्हणून भांडणाऱ्या या नाकात तो अख्खा होता, शेवटचा, धुतला न गेलेला.

कसा होता? नुसतं तेल, की तपकीरही? आणि त्याखाली ते आणखी काही, नाव नसलेलं, ते आलं का तुम्हाला? सांगा ना. तिने पायांवर पुन्हा पाणी घातलं.

“पुरे गं, पाणी निवलं,” अहोआई म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा पदर यामिनीच्या तोंडावर आला. ती दूर झाली नाही. आठवडाभर रोखलेला श्वास तिने सोडला आणि मग नाक त्या पदरात घालून हळूहळू आत ओढला, साबण, घाम, हळद, जुनं सुती कापड, आणि पुन्हा एकदा, आणखी खोल, काही राहिलंय का ते शोधत.