फ्लेक्सवरचा धबधबा

आप्पारावांनी सुतळी सोडली, फ्लेक्सचं एक टोक पायाखाली दाबलं आणि बाकीचं अंगणभर उलगडत नेलं. आधी 'भावपूर्ण श्रद्धांजली' दिसलं, मग हरिओमचा लग्नातला फेट्यातला चेहरा. आणि त्याच्या खांद्यामागं, कड्यावरून कोसळणारा पांढराशुभ्र धबधबा.

जिंतूरच्या फ्लेक्सवाल्याचं काही चुकलं नव्हतं. मेलेल्या माणसामागं डोंगर, ढग, पाणी टाकायचा आता रिवाजच पडलाय. कोण कशानं गेलं हे विचारत कोण बसतं? आप्पारावांनीही न बघताच गुंडाळी काखेत मारली होती. उद्या तेरवी, चौकात हेच लावायचं.

"गुंडाळा ते, मामा," बबिता सासऱ्याला हळूच म्हणाली. "आत्या बघतील."

पण सासूबाई, झुंबरबाई, उंबऱ्यात येऊन उभ्या होत्याच. पोरगा गेल्यापासून त्या धड जेवल्या नव्हत्या की धड रडल्या नव्हत्या. त्या फ्लेक्सजवळ बसल्या आणि त्या छापील पाण्यावर त्यांनी हात ठेवला.

"हेच दाखवायलता मला."

लग्नानंतर हरिओम आणि बबिता पहिल्यांदाच कुठं फिरायला गेले होते. डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात सकाळपासून एकेक पॉइंट पालथा घातला, पण धुक्यात काही म्हणता काही दिसेना. धबधब्यापाशी मात्र धुकं हटलं आणि हरिओमनं लगेच आईला व्हिडिओ कॉल लावला. बिचारीनं जन्मात उसाच्या फडापलीकडं मुलूख पाहिला नव्हता. तिला दिसावं म्हणून तो कठडा ओलांडून खडकावर गेला, फोन उंच धरून, पाठमोरा सरकत. बबितानं घरी एवढंच सांगितलं, पाय घसरला. फोन चालू असतानाच घसरला, हे तिनं पोटात ठेवलं.

"मीच म्हणले, अजून जरा मागं सर, पाणी दिसंना," झुंबरबाई म्हणाल्या. "मंग फोन कट झाला."

त्या सुनेकडं वळल्या.

"खरं सांग, बबिता. तवाच पडला का?"

हे कधीतरी विचारलं जाणार, याची बबिताला धास्ती होती. उत्तर तयार होतं.

"न्हाई, आत्या. फोन कट झाल्यावर आमी वर गाड्यापाशी आलो. कणसं खाल्ली, लय येळ बसलो. तुमचंच बोलायलतो. घसरला ते मागून, परत खाली गेल्यावर."

झुंबरबाईंनी मान हलवली. आप्पारावांनी सुस्कारा टाकला. बबिताला वाटलं, निभावलं एकदाचं.

झुंबरबाईंनी पदरानं लेकाच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली. फेटा पुसला, कपाळ पुसलं.

"फडावर असताना बी फोन कट झाला की लागोस्तोर लावायचा," त्या म्हणाल्या. "मंग त्या दिशी एवढा येळ होता, तर का न्हाई लावला गं त्यानं?"

बबिता फ्लेक्सचं टोक धरून वाकली, पण तिला ते गुंडाळता येईना.