रकाना अकरावा: दोष कोणाचा

हरवलेल्या बॅगांच्या काउंटरवर आठ वर्षं काढलेल्या त्या कारकुनाला अख्खा विमानतळ ‘सापडेल’ म्हणायचा. समोरचा रडत असो, ओरडत असो की वकिलाला फोन लावत असो, हा फॉर्म पुढे सरकवून एवढंच बोलायचा, ‘‘सापडेल.’’ बहुतेक सापडायच्याही. उरलेल्यांबाबत तो देवासारखा वागायचा, म्हणजे गप्प राहायचा.

आणि मग त्याच्या बाबांचीच बॅग हरवली.

बाबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. आई गेल्यावर दोन वर्षं मनधरणी केली, तेव्हा कुठे ते मुलाकडे कायमचं राहायला तयार झाले. त्यातही अट होतीच. ‘‘अवजारं सोबत असतील तर राहीन. नुसता बसून राहिलो तर मी पाहुणा, आणि पाहुण्याने आठवड्यात निघावं.’’ म्हणून परतीचं रविवारचं तिकीटही काढून ठेवलेलं. सोमवारी बाबा उतरले. अवजारांची बॅग काही उतरली नाही.

मुलाच्या हॉलमधलं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. बाबा रोज त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसत, एखाद्या आजारी नातेवाइकाजवळ बसावं तसे.

‘‘सूनबाई, साधा बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का घरात?’’

‘‘आहे ना बाबा.’’ तिने पलंग जोडायचा आणून दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, नीट न्याहाळला आणि आभार मानून परत केला.

रात्री जेवताना ते एकच विचारत. ‘‘पण दोष कोणाचा?’’

सापडेलने सगळीकडे फोन लावले. बाबांच्या गावच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, मी बॅगेला चिठ्ठी नीट लावली होती. पट्ट्यावर बॅगा टाकणारे म्हणाले, आम्ही टाकली, वाचतं मशीन. मशीनवाला म्हणाला, मशीन समोर दिसेल ते वाचतं, त्याला काय कळतं? एकाने तर हवामानावर ढकललं. त्या दिवशी हवा छान होती, असं सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘तेच ना, सगळे गाफील राहिले.’’

शनिवारी दुपारी पत्ता लागला. मध्ये विमान बदलताना बॅगेची नवी चिठ्ठी पट्ट्यात अडकून फाटली होती. पण बॅगेला आणखी दोन जुन्या चिठ्ठ्या होत्या. तिथल्या कोणा कर्तव्यदक्ष माणसाने त्यातली एक वाचून बॅग समुद्राकाठच्या एका शहरात पाठवली. तिथल्या तितक्याच कर्तव्यदक्ष माणसाने दुसरी वाचून ती बाबांच्या गावी पाठवली. आता ती तिथल्या विमानतळावर सुखरूप, मालकाची वाट बघत होती.

सापडेलने शहराचं नाव पुन्हा वाचलं. समुद्राकाठच्या त्या शहरात कंपनीच्या प्रशिक्षणाला मागच्या वर्षी हीच बॅग मागून नेलेली. त्यानेच. प्रशिक्षणाचा विषय होता, जुन्या चिठ्ठ्या काढणे.

परत करताना तो चिठ्ठ्या ओढणारच होता, पण बाबा म्हणाले होते, ‘‘राहू दे. कंपनीची वस्तू आपण कशी फाडायची?’’ बाबांच्या घरात काहीच फाडायचं नसे. फ्रीजवर किमतीचं लेबल होतं, आणि गादीवरचं प्लॅस्टिक अकरा वर्षं तसंच होतं. कूस बदलली की कोणीतरी चिवडा खातंय असं वाटायचं.

सापडेलने फॉर्म उघडला. अकराव्या रकान्यात, ‘दोष कोणाचा’ समोर, त्याने लिहिलं, ‘पट्टा’. पट्ट्याला म्हातारपण नसतं आणि वाईटही वाटत नाही.

‘‘पट्टा?’’ मागून आवाज आला. बाबा चौकशीला स्वतःच आले होते आणि चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन वाचत होते. ‘‘सगळं सांग.’’

त्याने सांगितलं.

‘‘म्हणजे दोष माझा,’’ बाबा म्हणाले. ‘‘लिही. प्रवासी.’’

‘‘काहीतरीच काय बाबा! नियम मला ठाऊक होता. माझा.’’

‘‘घर माझं, बॅग माझी, राहू दे म्हणालो मी.’’

‘‘आणि पगार घेतो मी!’’

आठवडाभर ज्याला कोणी हात लावेना, त्या दोषासाठी आता दोघं हमरीतुमरीवर आले. रांगेतली एक बाई म्हणाली, ‘‘अहो, अर्धा अर्धा लिहा आणि माझी बॅग बघा.’’

बाबा एकदम शांत झाले. ‘‘हे बघ. बॅग तिकडे आहे, उद्याचं तिकीट माझ्या खिशात आहे. मी जातो आणि तिथेच घेतो. माझ्या चुकीपायी तिला पुन्हा कशाला उडवायची?’’

ते बरोबर बोलत होते, तीच तर पंचाईत. संध्याकाळी सहाच्या आत फॉर्मवरचं ‘पाठवा’ दाबलं नाही, तर बॅग तिथेच राहणार होती आणि उद्या परतल्यावर बाबाही. सापडेलने ‘पट्टा’ खोडून स्वतःचा कर्मचारी क्रमांक टाकला. ‘पाठवा’ दाबलं.

‘‘अरे, पण मी उद्या निघतोय!’’

‘‘निघता येणार नाही. बॅग हातात पडेपर्यंत तक्रारदाराने दिलेल्या पत्त्यावरच राहायचं. नियम आहे.’’

‘‘असा नियम आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘लेखी?’’

सापडेल आत गेला. प्रिंटर बराच वेळ कुरकुरला. मग शिक्का बसल्याचा आवाज आला, आणि थोड्या विचारानंतर आणखी एकदा. बाहेर येऊन त्याने कागद बाबांच्या हाती दिला. शाई ओली होती.

बाबांनी तो उजेडाकडे धरून वाचला, वरून खाली, पुन्हा वरून खाली. नियमाच्या कागदाशी त्यांनी कधी हुज्जत घातली नव्हती.

‘‘इथे लिहिलंय, बॅग मिळाल्यानंतरही तपासणीसाठी तक्रारदाराने काही वर्षं थांबावं.’’

‘‘हो. हल्ली कडक झालेत.’’

‘‘खाली सही तुझीच दिसते.’’

‘‘जबाबदार कर्मचारी मीच आहे ना.’’

बाबांनी कागदाची व्यवस्थित घडी केली आणि खिशात, तिकिटाच्या पुढे ठेवली. ‘‘मग काय,’’ ते म्हणाले, ‘‘नियमच म्हटल्यावर इलाज नाही. तुझी सुट्टी कितीला होते? मी थांबतो.’’