उपरण्याखालचा सौदा

बकऱ्यांचं जंताचं औषध तोंडात गेलं की आधी कडू लागतं, मग खडूसारखं लागतं आणि मग घशातून वर येतं. चिमाजीला हे कळून आठवडा झाला होता. तरी चहाचा पहिला घोट घेतला की ती चव जिभेवर यायचीच.

चूक त्याची नव्हती, पण ते सांगायचं कुणाला? बारा वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, घराची एक रीत पाडली होती. डाव्या कोनाड्यात बकऱ्यांची औषधं, उजव्या कोनाड्यात माणसांची. बाटल्या सारख्या असल्या तरी कोनाडे सारखे नव्हते. डावा खालच्या अंगाला होता, उजवा खांद्याला लागायचा. चिमाजीचा हात कधी चुकला नाही.

मग भामाबाई गेली. तेराव्याला बायका आल्या, त्यांनी घर सारवलं, भांडी घासली. चिमाजीचा मेहुणा हनुमंत, त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं, दोन्ही कोनाडे रिकामे करून सगळ्या बाटल्या पुसून एका डब्यात ओळीनं लावल्या. "वन्संनी किती पसारा केलता," असं ती म्हणालीही. चिमाजीनं ते ऐकलं, पण पसारा कसला ते त्याला चार दिवसांनी कळलं. रात्रभर खोकला होता. सकाळी हाताला लागली ती बाटली त्यानं तोंडाला लावली.

अंगणात ओकताना त्याला शेजारच्या धनाजीनं पाहिलं. विंझरच्या वरची ही सहा घरांची वस्ती. इथून बातमी खाली जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी हनुमंत उत्रोलीहून जीप घेऊन वर आला.

"दाजी, बास झालं आता," तो बाजेवर बसत म्हणाला. "आज बकऱ्याचं औषध प्यालात, उद्या फवारणीचं प्याल. बकऱ्या इकून टाकू, घराला कुलूप लावू, आन् तुमी चला उत्रोलीला. तुमी काय आमाला जड न्हाई."

"मला हितंच ऱ्हायचंय."

"कुनाच्या जिवावर?"

यावर चिमाजीकडं एक उत्तर होतं. भोरच्या एसटी स्टँडवर सावळाराम खारे शेंगदाणे विकतो. तोही आंधळा. कुठल्याशा संस्थेनं त्याला बोलणारा फोन दिलाय. चिमाजी बाजाराला गेला की सावळारामपाशी बसायचा, त्याचा फोन हातात घेऊन बोटं फिरवायचा. नंबर लावायला तो तिथंच शिकला होता. एकदा सावळारामनं शेंगदाण्याच्या पुड्यावरचं लिहिलेलं फोनला दाखवलं आणि फोननं ते घडाघडा वाचलं होतं.

"बाटलीवरचं वाचनारा फोन मिळतो," चिमाजी म्हणाला. "त्यो असला तर मला कुनी लागत न्हाई."

वस्तीतली माणसं जमली होती. हनुमंत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "ठीक हाय. दुखवटा म्हनून टॉवेल-टोपी आनायचीच हुती. टॉवेल-टोपीच्या जागी मी दाजीस्नी फोन देतो. साधासुधा न्हाई, दुकानातला सगळ्यात भारीतला. माझ्या बहिनीचा मालक हाय. पन एक. फोन आल्यावरबी असं काय झालं, तर गुमान खाली यायचं."

"आलो," चिमाजी म्हणाला. "दिला शब्द."

लोकांनी हनुमंताला वाहवा दिली. बायकोकडच्यांनी आणलेला दुखवटा नाकारायचा नसतो, आणि आणणाऱ्यानं त्यात हात आखडायचा नसतो. चिमाजीला त्या दिवशी मेहुण्याचं बरं वाटलं होतं.

भोरच्या फोनच्या दुकानात शिरल्याबरोबर त्याचं ते बरं वाटणं उतरायला लागलं.

आत गार होतं आणि कसलासा गोड वास मारत होता, लग्नातल्या अत्तरासारखा. दुकानदार सोमेश्वर पुढं आला. त्याचा बाप गुरांच्या बाजारात दलाल होता, त्याला चिमाजी ओळखत होता. बापाच्या अंगाला बैलांचा वास यायचा. तो वास बरा होता.

"यांना काय पायजे?" सोमेश्वरनं हनुमंताला विचारलं.

"मला इचार," चिमाजी म्हणाला. "डोळं गेल्यात. तोंड हाय."

"व्हय, व्हय, बाबा!" सोमेश्वर एकदम ओरडून बोलायला लागला, चिमाजी जणू डोंगराच्या पलीकडं उभा होता. "तुमच्यासारख्यांसाठी खास फोन आहे बघा! आजोबा लोक लई नेतात! आकडे केवढे मोठे आहेत बघा!"

हनुमंत हसला. सोमेश्वरला आपण काय बोललो ते उशिरा कळलं आणि त्यानं तो फोन सरकवून ठेवला.

"एक बारा हजारावाला काढ, एक भारीतला," हनुमंत सोमेश्वरला म्हणाला. "दाजी, ह्या दोनातला कोनता ते सांगा."

भारीतला साठ हजारांचा होता. दोन्ही काचेवर ठेवल्याचा आवाज आला. चिमाजीनं एकेका हातात एकेक घेतला. दोन्ही गुळगुळीत, दोन्ही सारखेच लांब, ओल्या साबणाच्या वडीसारखे. हातात धरायचीही त्याला किळस आली. वस्तूला कुठं कंगोरा नाही, कुठं खाच नाही, आपण काय धरलंय ते हाताला कळू नये अशीच ती केलेली.

"कव्हर घातल्यावर दोन्ही सेमच वाटतात, बाबा," सोमेश्वर म्हणाला. "फरक कॅमेऱ्यात आहे. भारीतल्यात फोटो असा येतो..."

"फोटूचं सोड. बोलता कर."

बोलतं कसं करायचं ते सोमेश्वरला ठाऊक नव्हतं. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धर, असं चिमाजीनं सांगितलं. मग दोन्ही फोनांतून बायका बोलायला लागल्या. वाचायचं ॲप सावळारामनं नावासकट सांगितलं होतं, तेही दुकानातल्या माणसानं दोन्हीत घातलं. यात बराच वेळ गेला. मधे तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, आणि प्रत्येकानं हळू आवाजात "काय झालं यांना?" असं विचारलं. हनुमंतानं प्रत्येकाला सांगितलं की बहीण गेली, म्हणून दाजींना भारीतला फोन घेऊन देतोय. एकानं फोटो काढायला सांगितलं. हनुमंत चिमाजीच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. त्या हाताला दुकानातल्यासारखाच वास होता.

चिमाजीनं पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक खोकल्याची, एक जंताची. दोन्ही सारख्या उंचीच्या, सारख्याच झाकणाच्या. त्यानं स्वतःच त्या पाठीमागं नेऊन त्यांची अदलाबदल केली, कुठली कुठं ते त्यालाही कळू नये म्हणून.

आधी स्वस्तातला. चिमाजीनं तो बाटलीवर धरला. फोन गप्प. बोट फिरवलं, फोन अर्ध्या दमानं मागून बोलला, बोट पुढं आणि बोलणं मागं. मग एकाएकी नाणी सांडल्यासारखा खळखळाट झाला आणि एक बाई किंचाळली, पत्ते खेळा आणि लाखो जिंका.

"ही कोन?"

"जाहिरात आहे, बाबा. येते मधे मधे. खाली कोपऱ्यात फुली असते, ती दाबायची."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"ते... बदलतं."

फुली सापडेपर्यंत वाचायचं ॲप बंद पडलं होतं. परत उघडलं. या वेळी फोन "मजकूर आढळला नाही" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं अर्धंच नाव वाचलं आणि परत नाणी सांडली. चिमाजीला घरातला ओटा दिसल्यासारखं झालं. रात्री खोकल्याची उबळ आली आहे, हातात बाटली आहे, आणि ही बाई पत्ते खेळायला बोलावते आहे.

मग भारीतला. बाटलीसमोर धरला तोच बाईनं सांगितलं, फोन थोडा वर घ्या. चिमाजीनं घेतला. तिनं औषधाचं नाव वाचलं, पुढं वाचलं की फक्त जनावरांसाठी. दुसरी बाटली धरली. खोकल्याचं औषध, दोन चमचे. नाणी नाहीत, किंचाळणं नाही. बोट जाईल तिथं आवाज जात होता.

चिमाजीनं फोन खाली ठेवला. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच त्याला कुणीतरी बाटलीवरचं खरं वाचून दाखवलं होतं.

"ह्योच," तो म्हणाला.

"मग ठरलं!" हनुमंत दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाला. "पैशाकडं बघायचं न्हाई. बांध सोमेश्वरा, भारीतलाच बांध. चांगलं जाड कव्हर घाल."

आणि मग दोघंही बोलायचे थांबले.

चिमाजीनं ती शांतता ओळखली. आधी कापड सरकल्याचा आवाज, मग काहीच नाही, फक्त दोन माणसांचा श्वास. उभा जन्म त्यानं गुरांच्या बाजारात हेच ऐकलं होतं. सौदा करणारे हातावर उपरणं टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे चारचौघांना भाव कळत नाही. डोळे गेल्यावरही चिमाजीचा तो धंदा अडला नव्हता. उपरण्याखाली सगळेच आंधळे असतात. हनुमंत त्याच बाजारात वाढला होता, चिमाजीच्या हाताखाली बोटं धरायला शिकला होता. बोललं तर आंधळ्याला ऐकू येतं आणि उघड हात धरला तर लोकांना दिसतं, म्हणून तो उपरण्याखाली गेला होता.

चिमाजीनं काचेच्या कडेकडेनं हात पुढं नेला. उपरण्याची कड लागली. त्यानं हात आत घातला.

दोन हात होते. एक सोमेश्वरचा, घामट. दुसरा जाड, अंगठीवाला. अंगठीवाल्या हातानं सोमेश्वरचं एक बोट दाबून सोडलं आणि मग दोन बोटं धरली. एक बोट दहा हजारांचं आणि वर दोन हजार. बारा.

दोन्ही हात जागच्या जागी थिजले. मुठीत मेलेला बेडूक यावा तसं चिमाजीला झालं. तरी त्यानं हात काढला नाही.

"बारा कशाचं रं, हनुमंता?"

"दाजी, ते... कव्हरचं बोलत हुतो. काच, चार्जर..."

"सोमेश्वरा, तुजा बाप खोटा भाव कंदी धरत न्हवता. डब्यात कोनता घातलास?"

काउंटरवरच्या डब्याचं झाकण सोमेश्वरनं उघडलं, आणि आतल्या फोनमधून परत नाणी सांडली.

"तुमास्नी काय फरक पडतोय त्यात?" हनुमंत चिडून म्हणाला. पकडलेला माणूस चिडतोच. "दोनी बोलत्यात. दोनी वाचत्यात. लोकांत नाव भारीतल्याचं झालं असतं, तुमाला फोन मिळाला असता. कुनाचं काय गेलं असतं?"

चिमाजीला बरंच काही बोलता आलं असतं. त्या फोनवर बाटली चुकली असती. चुकली असती तर शब्द दिल्याप्रमाणं त्याला खाली यावं लागलं असतं, बकऱ्या गेल्या असत्या आणि घराला कुलूप लागलं असतं. हनुमंतानं हे मनात धरून केलं की नुसते पैसे वाचवले, हे त्यानं विचारलं नाही. दोन्हींतलं काहीही निघालं असतं तरी त्याला ओकारी आली असती. भामा या माणसाला भाऊबीजेला ओवाळायची. पावसापाण्यात उत्रोलीला चालत जायची.

त्यानं हात बाहेर काढून धोतराला पुसला. परत पुसला.

"दुखवटा पोचला समज," तो म्हणाला. "जीप घिऊन जा आता."

"दाजी, लोकं बघत्यात."

"बघू दे की. तुला तेच पायजे हुतं."

हनुमंत काहीतरी पुटपुटला, दाराची घंटी वाजली, गारवा जरा कमी झाला. तो गेला होता.

"बाबा, मी फक्त गिऱ्हाइकाचं ऐकलं," सोमेश्वर म्हणाला.

"भारीतला दे हातात. माझं सिम घाल त्यात."

जुन्या बटणाच्या फोनातलं सिम घातलं गेलं. चिमाजीनं एकेक आकडा बोटानं हुडकला, बाईनं तो उच्चारला की दोनदा टिचकी मारली. एकदा चुकला, पुसून परत लावला. वेल्ह्यातला बकऱ्यांचा व्यापारी गेनबा, त्याचा नंबर त्याला तोंडपाठ होता.

"गेनबा, चिमाजी बोलतो. तू निम्मा कळप मागत हुतास न्हवं? ने. उद्या वर ये. काळी सोडून. ती भामाची हाय."

गेनबाला खरं वाटेना. गेल्या दिवाळीला तो मागून मागून थकला होता. भाव त्यानं सांगितला, चिमाजीनं वाढवला, गेनबा हसला आणि कबूल झाला. पैसे आत्ताच दुकानात पाठवतो म्हणाला. बकऱ्यांच्या धंद्यात शब्दावर एवढं चालतं.

मग चिमाजीनं खांद्यावरचं उपरणं काढून काचेवर पसरलं आणि खाली हात घातला. "ये. आता खरा भाव धर."

सोमेश्वरचा हात बराच वेळ आला नाही. आला तेव्हा थंड होता, आणि त्यानं ओढाताण न करता पडतं घेतलं. त्याच्या हाताचा वास घरापर्यंत पुरणार होता.

एसटीनं तो एकटा विंझरला उतरला आणि काठी टेकत वर वस्तीला आला. आधी राखेनं हात घासले. मग सुलक्षणाचा डबा जमिनीवर उपडा केला आणि एकेक बाटली फोनसमोर धरली. ती बाई प्रत्येकीचं नाव नीट सांगत होती. भामाबाई नाव सांगताना चार शिव्याही हासडायची, हिच्याकडं तेवढं नव्हतं. जनावरांची डाव्या कोनाड्यात, माणसांची उजव्या. शेवटची बाटली खोकल्याची होती. त्यानं ती दोनदा वाचून घेतली, दोन चमचे प्याला आणि खांद्याच्या उंचीला ठेवली.

बाहेर बकऱ्या गोठ्यात हलत होत्या. उद्या निम्म्या कमी होणार होत्या. काळी दाराशी येऊन नाकानं कडी वाजवत होती.

फोन वाजला. बाई म्हणाली, उत्रोलीचा हनुमंत. जुन्या सिमबरोबर त्यातली सगळी नावं नव्या फोनात आली होती, त्यात हेही आलं होतं. बाई परत म्हणाली, उत्रोलीचा हनुमंत.

चिमाजीनं बोट काचेवर फिरवलं. "नाकारा," बाई म्हणाली. त्यानं दोनदा टिचकी मारली.

फोननं लगेच ऐकलं. तेवढ्यासाठी तो निम्म्या कळपाला महाग नव्हता. चिमाजीनं काच धोतराला पुसली आणि काळीला आत घ्यायला उठला.