दारावरच्या बाईचं नाक

मित्रांनो, मान जरा वर केलीत तर मी दिसेन. ग्लासगोतल्या एका चार मजली इमारतीच्या दारावर बसवलेली मी जुनी दगडी बाई. बाई कसली, नुसता चेहरा. आणि आता फार थकले आहे.

आर्ची नावाच्या पाथरवटाने मला तांबूस वालुकाश्मातून घडवलं. चेहरा त्याने आपल्या सासूचा दिला. "एकदाची गप्प बसली," असं म्हणत तो शिडीवरून उतरला. नाक मात्र त्याने मन लावून कोरलं होतं. येणारे-जाणारे थांबून त्याचं कौतुक करत.

पुढे घरोघरच्या कोळशाच्या धुराने मी काळी ठिक्कर पडले. त्याचं मला काही वाटत नव्हतं. पण तळमजल्यावर नेटा राहायला आली. इथे जिना धुवायच्या पाळ्या असतात. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला पाटी अडकवतात. नेटा पाटी नसतानाही धुवायची. गल्लीतल्या सगळ्यांनी इमारती साफ करून घ्यायचं काढलं, तेव्हा ती शेजाऱ्यांना म्हणाली, "आपला जिना आरशासारखा आणि दारावर ही कळकट म्हातारी? लोक काय म्हणतील?"

मग वाळूचा फवारा आला. काजळीबरोबर माझी कातडी गेली, नाकाचा शेंडाही गेला. उरलेल्यावर कामगारांनी सिमेंट थापलं. दगडालाही श्वास लागतो हो. सिमेंटमागे पाणी कोंडलं आणि दर हिवाळ्यात गोठून मला आतून फोडत राहिलं. नेटा मात्र नाक वर करून मिरवत होती.

यंदा माझ्या हनुवटीचा तुकडा वरच्या मजल्यावरच्या कॅलमच्या बाबागाडीशेजारी पडला. गाडीत त्याचं बाळ होतं.

"काढून टाका हिला," कॅलम म्हणाला. "उद्या पोराच्या डोक्यात पडली म्हणजे?"

त्याचं काय चुकलं? मी निमूटपणे छिन्नीची वाट बघत राहिले.

दगडकाम करणारी मॉर्व्हन शिडी लावून वर आली. तिने मला ठोकून पाहिलं. "सैल झालंय तेवढं काढते आणि सिमेंट खरवडून चुना भरते. मग नाही पडायची. पण उरलंसुरलं नाक सिमेंटबरोबर जाईल."

"मग नवं लाव," काठी टेकून उभी असलेली नेटा खालून म्हणाली.

"लावते की, आजी. पण त्यासाठी हिचा अर्धा चेहरा तासावा लागेल."

नेटाने डोळ्यांवर हात धरून माझा चेहरा नीट न्याहाळला. "नको गं. पुष्कळ सोसलंय तिनं. राहू दे बिननाकाची."

"बरंच झालं," कॅलम म्हणाला. "तुमच्या फिनेलचा वास तरी येणार नाही तिला."

सिमेंट निघालं आणि कित्येक वर्षांनी मी आतून कोरडी झाले.

मित्रांनो, जुन्या दगडाला माया लावा, पण त्याला तरुण करायला जाऊ नका. मला आता सुंदर दिसायचं नाही. उरले आहे तेवढी या दारावर राहू द्या.